बेसवाल्याची बैठक

सध्या मुक्काम लखनौ. त्यातही छावणीत नाही, तर कानपूर रोडवर, विमानतळाच्या पुढे, सरोजिनी नगरात. फॅमिली क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर खाली, म्हणून भाड्याच्या दोन खोल्या. डोक्यावरून विमानं जातात, खालून रात्रभर ट्रक जातात, त्यामुळे मी घरी माउथपीस लावून बसलो तरी शेजारी कोणी तक्रार करत नाही.

सातारकरांना सांगण्यासारखी एक गोष्ट इथे आहे. आपण सातारच्या सैनिक स्कूलचा अभिमान बाळगतो, ते १९६१ चं. सरोजिनी नगरातलं सैनिक स्कूल १९६० चं, म्हणजे एक वर्षाने थोरलं. कारगिलचे परमवीर कॅप्टन मनोज कुमार पांडे तिथेच शिकले, आणि आता शाळेला त्यांचंच नाव आहे. त्या फाटकासमोरून जाताना मोटरसायकल आपोआप हळू होते.

आजचा विषय मात्र शौर्याचा नाही, बसण्याचा आहे. हसू नका. फौजेत पहिल्या दिवसापासून उभं कसं राहायचं ते शिकवतात. सावधान, विश्राम, कोपर कुठे, अंगठा कुठे, टाचांमध्ये किती कोन. बसायचं कसं, हे मात्र कोणी शिकवत नाही. बसणं म्हणजे आराम, आणि आराम शिकवायचा नसतो, अशी समजूत. बँडमध्ये ज्याच्या वाट्याला बेस येतो त्याला हा धडा स्वतःच शिकावा लागतो.

ज्यांनी बँड फक्त २६ जानेवारीला टीव्हीवर पाहिला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रास बँडमध्ये सर्वांत खालचा आवाज धरणारं मोठं पितळी वाद्य म्हणजे ट्युबा. आम्ही त्याला बेस म्हणतो. १८३५ साली बर्लिनमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं, तेही लष्करी बँडसाठीच. माझा बेस इ-फ्लॅटचा. आतली नळी सरळ केली तर साधारण १३ फूट भरेल. त्याहून मोठा बी-फ्लॅटचा, त्याची १८ फूट. वजन आठ-नऊ किलो. चालताना तो पट्ट्याने खांद्यावर घेतात. लग्नाच्या बँडमध्ये अंगाभोवती गुंडाळलेला, वर मोठा भोंगा असलेला जो प्रकार दिसतो तो सूसाफोन. अमेरिकेच्या सूसा नावाच्या बँडमास्टरच्या सांगण्यावरून १८९३ च्या सुमारास तो बनला. म्हणजे उभ्याने आणि चालत वाजवण्याचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला. बसून वाजवण्याचा आहे तिथेच आहे.

बँड बसून वाजवतो कधी? मेसमध्ये डिनर नाइट असते तेव्हा. साहेब लोक आत जेवतात, आम्ही व्हरांड्यात किंवा हिरवळीवर दीड-दोन तास वाजवतो. बागेत, स्मारकापाशी संध्याकाळचा कार्यक्रम असतो तेव्हाही. दोन तास आठ किलो पितळ मांडीत घेऊन बसणं आणि त्यात फुंकणं, हे काम आहे.

फुंकण्याचं गणित असं. आपण सहज श्वास घेतो तेव्हा जेमतेम अर्धा लिटर हवा आत जाते. धडधाकट माणसाने पूर्ण छाती भरली तर चार-पाच लिटर. कॉर्नेटवाला एका श्वासात अख्खी ओळ म्हणून जातो. बेसवाल्याची तीच हवा दोन-तीन लांब सुरांत संपते. त्यामुळे प्रत्येक वेळी छाती तळापासून भरावी लागते. कंबर वाकली, पोट दबलं, की पडद्याला खाली उतरायला जागा राहत नाही. मग माणूस खांदे उचलून वरवरचा श्वास घेतो. सूर डगमगतो, आणि खालचा सूर डगमगला की वरचा सगळा बँड तरंगल्यासारखा वाटतो. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ पर्यंत ट्युबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स जगभरच्या ब्रासवाल्यांचे गुरू मानले जातात. त्यांच्या शिकवणीचा पायाच श्वास. आमचे जुने उस्ताद हीच गोष्ट सोप्या भाषेत सांगायचे: असं बसा की हुकूम येताच हात न टेकता उभं राहता आलं पाहिजे.

आता खुर्ची बघा. मांडववाल्याकडून येते ती प्लॅस्टिकची, हातांची. त्या हातांमध्ये बेस मावत नाही, कोपर अडकतं. बूड मागे घसरतं, कारण ती खुर्ची मागे कललेलीच असते. लग्नाला आलेल्या माणसाला तसंच हवं असतं. पाव्हण्यासाठी बनवलेल्या खुर्चीवर कामकऱ्याला बसवलं की असं होतं.

हा विषय माझ्या डोक्यात गेले सहा महिने घोळतोय, त्याला कारण आहे. माझ्या पेन्शनला आता फार दिवस नाहीत. बेस ज्याच्या हाती द्यायचा तो पोरगा आपल्याच भागातला. कान उत्तम, ओठ उत्तम, मेहनती. उंची पाच फूट पाच इंच. मी पाच अकरा. पावसाळ्याच्या शेवटी त्याची कंबर धरायला लागली. आधी बोलला नाही. कार्यक्रम संपला की गाडीत सामान चढवताना एका हाताने कंबर दाबायचा. विचारलं तर म्हणायचा, "काय नाय उस्ताद, पीटीत जरा लचकली."

न बोलण्याचं कारण फौजी वाचकांना सांगायला नको. मेडिकल कॅटेगरी खाली आली की प्रमोशनचा रस्ता अवघड होतो. शिवाय बँडवाला फक्त बँडवाला नसतो. लढाई सुरू झाली की वाद्यं कोतमध्ये जातात आणि आम्ही स्ट्रेचर उचलतो. जखमी जवानाला दगडधोंड्यांतून खाली आणायचं ते याच कंबरेच्या जोरावर. तेव्हा बेसवाल्याची कंबर ही त्याची खासगी मालमत्ता नाही, पलटणीची आहे.

शेवटी मीच त्याला एमआय रूमला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर साहेबांनी तपासलं, शेक आणि व्यायाम सांगितले. हाड-मणका ठीक होता, स्नायू आखडले होते. मग ते म्हणाले, "हा बसतो कसा ते मला दाखवा." पोरगा स्टुलावर बसला आणि हवेतला बेस मांडीत घेतला. डॉक्टर साहेबांनी एवढंच म्हटलं, "गोळीने हे जाणार नाही. याची बैठक बदला."

बैठक. काय नेमका शब्द आहे आपल्याकडे! आखाड्यात मारतात त्या बैठका, गवयाची ती बैठक, आणि माणूस कामाला चिकटून असला की त्याची बैठक पक्की. आपला गवई, तबलजी, सगळे जमिनीवर मांडी घालून बसतात आणि त्या बैठकीवर तास न् तास काढतात. विलायती पितळ मात्र खुर्ची मागतं, आणि खुर्ची आपल्या अंगवळणी उशिरा पडली.

तर बैठकीचा शोध सुरू झाला. पहिला उमेदवार होता आपला काळा ट्रंक. प्रत्येक जवानाकडे असतो, सपाट, मजबूत, हात नाहीत. पण फार बुटका. माझे गुडघे छातीला लागले. शिवाय बेसचा तळ पत्र्यावर टेकला की प्रत्येक खालच्या सुराला ट्रंकही साथ द्यायचा.

दुसरा उमेदवार इथला खास, मूढा. सरकंड्याच्या काड्या आणि दोरी यांचा डमरूसारखा गोल मोढा. उत्तर प्रदेशात घरोघरी, गढमुक्तेश्वरचे तर प्रसिद्ध. वजनाला हलका, ओल्या हिरवळीत रुतत नाही. पण बेसचं आणि माणसाचं वजन एकत्र पडलं की मधून खचतो आणि पंधरा मिनिटांत बूड खड्ड्यात जातं. गाडीत घडी होत नाही, हा दुसरा दोष.

तिसरा, घडीचं कॅनव्हासचं स्टूल, कॅम्पमध्ये असतं ते. घडी उत्तम, काखेत मारून न्या. पण कॅनव्हास झोळीसारखं होतं. झोळीत बसलं की दोन्ही मांड्या आत दबतात, माकडहाड खाली जातं आणि पाठीचा बाक उलटा होतो. पाळण्यातल्या पोराला चालेल, बेसवाल्याला नाही.

आमचे घरमालक चाचाजी हे सगळं वरच्या जिन्यातून बघत होते. त्यांची उमर स्कूटर कारखान्यात गेली. इथे सरोजिनी नगरातच १९७२ साली स्कूटर्स इंडिया स्थापन झाली. विजय सुपर स्कूटर आणि विक्रम टेंपो इथलेच. कारखाना आता बंद आहे, पण रस्त्यावर जुना विक्रम फटफटत गेला की चाचाजी अजून मान वळवून बघतात. एका रविवारी ते खाली आले आणि म्हणाले, "हवलदार साहब, आप कुर्सी ढूँढ रहे हैं. पहले नाप तो लीजिए. सीट आदमी के घुटने से शुरू होती है."

त्यांनी टेप आणला. बूट घालून उभं राहायचं आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं १९ इंच आलं. दुसऱ्या रविवारी पोराला जेवायला बोलावलं, त्याचं १७. चाचाजींचं म्हणणं, पूर्ण मागे टेकून आराम करायचा असेल तर याच मापाची खुर्ची. पण पुढच्या कडेवर बसून काम करायचं असेल तर बैठक इंचभर उंच हवी, म्हणजे गुडघे कमरेच्या किंचित खाली राहतात. म्हणजे मला २० इंच आणि त्याला १८. मांडववाल्याची खुर्ची मोजली तर पुढे १७ आणि मागे त्याहून कमी.

रात्री मी यावर वाचत बसलो. डेन्मार्कचे एक सर्जन होते, डॉक्टर मांडल. नाव मांडल आणि विषयही मांडीचाच! शाळेतली पोरं खुर्ची पुढच्या दोन पायांवर का झुलवतात, याचं त्यांनी निरीक्षण केलं. काटकोनात बसलं की ओटीपोटाचं हाड मागे फिरतं आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. बैठक जरा पुढे उतरती असली की तो बाक टिकतो. पोरं खोडी काढत नव्हती, पाठ वाचवत होती. हे वाचलं तेव्हा चाचाजींचा इंचभर आणि डॉक्टर मांडलांचा उतार एकच गोष्ट सांगतात हे कळलं.

पण बेसची एक वेगळी अडचण आहे, ती ना चाचाजींना माहीत ना डॉक्टरांना. बेसचा तळ आपण दोन मांड्यांच्या मधे, बैठकीच्या पुढच्या कडेवर टेकवतो. तिथून माउथपीसपर्यंतची उंची वाद्याने ठरवलेली, ती बदलत नाही. बदलते ती माणसाची धडाची लांबी. पोराचं धड आखूड, म्हणून माउथपीस त्याच्या नाकाशी येत होतं. तिथे ओठ पोचवायला तो मान वर ताणायचा आणि बेस मांडीवर आडवा करायचा, म्हणजे कंबरेला पीळ. माझं धड लांब, त्यामुळे मला तेच माउथपीस हनुवटीखाली, म्हणून मी कुबड काढून वाकायचो. नुसतं स्टूल उंच करून हे सुटत नाही, कारण स्टूल उंच झालं की बेसही सोबत उंच होतो. खरं माप एकच: आपलं बूड आणि बेसचा तळ यांच्यातलं अंतर. वाद्य तोंडाशी आलं पाहिजे, तोंड वाद्याकडे जाता कामा नये.

एवढं समजल्यावर पुढचं काम सुताराचं. चाचाजींच्या ओळखीच्या मिस्त्रीने सागाचं फुलीच्या पायांचं स्टूल केलं. फुलीचा फायदा असा की खाली दोन आडव्या पट्ट्या येतात, त्या हिरवळीत रुतत नाहीत. वर झोळी नाही, १२ मिलिमीटर प्लायची फळी. फळीच्या खालच्या अंगाला खाचा, आपल्या आजोबांच्या आरामखुर्चीला असायच्या तशा. पाय जवळ आणून आतल्या खाचेत बसवले की २० इंच, फाकवून बाहेरच्या खाचेत बसवले की १८. फळी काढली की पाय मिटतात, दोन्ही मिळून एका पट्ट्यात बांधायचं. वजन साडेतीन किलोच्या आत. जोडावर बोल्टला नायलॉनचा वायसर घातला, कारण हळू सुरात लाकूड कुरकुरलं तर बँडमास्टर साहेब आधी आमच्याकडे बघतात.

मग गादी. त्यासाठी ट्रान्सपोर्ट नगर गाठलं. तिथे ट्रकच्या सीटा बनवणारे बसलेले असतात. ज्याचं गिऱ्हाईक दिवसाला बारा तास बसून असतं त्याला बसण्यातलं कळणारच. मी मऊ फोमवर हात ठेवला तर दुकानदाराने अंगठ्याने तो पार तळापर्यंत दाबून दाखवला आणि म्हणाला, "यह पहले घंटे का आराम है." त्याने चुरा दाबून केलेला कडक फोम काढला आणि त्याची पाचर कापली. मागे अडीच इंच, पुढे उतरत जाऊन इंचभर. वर काळं रेग्झिन, खाली फळीला चिकटायला वेलक्रो. मुद्दाम अख्ख्या फळीवर नाही. पुढचे सहा इंच उघडे ठेवले. त्या उघड्या फळीवर बेसचा तळ, मागे पाचरीवर माणूस.

पोराला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी बाजूने टेप धरून होतो. पाचरीने तो दोन इंच वर आला, बेस तिथेच राहिला. माउथपीस नाकावरून ओठांवर. त्याने काही न बोलता एक लांब खालचा सूर धरला. पूर्वी तो सात-आठ मोजेपर्यंत टिकायचा. त्या दिवशी मी बारा मोजले आणि त्यानंतरही आवाजाची कड फाटली नव्हती. माझ्यासाठी उपाय उलटा. पाचर काढायची आणि बेसच्या तळाखाली घोंगडीची घडी ठेवायची. तीन पदर पुरतात. तेच स्टूल, दोन माणसं.

राहिला फौजेचा खरा प्रश्न: एकसारखेपणा. वीस पांढऱ्या खुर्च्यांच्या रांगेत एक लाकडी स्टूल दिसलं तर लाइन बिघडते. बँडमास्टर साहेबांनी स्टूल फिरवून बघितलं, स्वतः बसले, उठले, परत बसले. म्हणाले, "चीज सही है. पर दिखनी नहीं चाहिए." मग आमच्या सौभाग्यवतीने खुर्च्यांच्या कव्हराच्याच कापडाची झालर शिवली. शिवताना म्हणाल्या, "अहो, वीस वर्षं मी सांगतेय पाठ सरळ ठेवा म्हणून. त्यासाठी सुतार लागला होय!"

डिसेंबरच्या डिनर नाइटला धुकं इतकं होतं की कॉर्नेटची रांग मला पुसटच दिसत होती. पावणेदोन तास वाजवलं. पोरगा स्टुलावर होता, मी त्याच्या शेजारी साध्या खुर्चीवर पुढच्या कडेला, घोंगडी बेसखाली. मधल्या विश्रांतीत त्याने उठून कंबर दाबली नाही, चहा आणायला गेला. शेवटच्या धूनपर्यंत खालचा सूर भिंतीसारखा उभा होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने दोन्ही हातांनी बेस उचलून गाडीत दिला. त्याची कंबर पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही. व्यायाम चालू आहेत, डॉक्टर साहेबांकडे महिन्याला जातो. पण कॅटेगरी शाबूत आहे आणि कॅडरला नाव गेलंय.

आता ज्यांच्या घरी कोणी बेस, युफोनियम किंवा असलं मोठं पितळ वाजवतं त्यांच्यासाठी थोडक्यात. बूट घालून गुडघ्यामागून मोजा, त्यात एक इंच मिळवा. ती बैठकीची उंची. हात असलेली खुर्ची नको. बैठक सपाट आणि कडक, किंचित पुढे उतरती. माउथपीस नाकाशी येत असेल तर बुडाखाली पाचर, हनुवटीखाली जात असेल तर वाद्याखाली घडी. अर्ध्या तासाने एकदा उभे राहा, साहेब बघत नसताना. आणि दुखायला लागलं तर आठवड्यात सांगा, महिन्यात नाही. आपल्या गावच्या बँडपथकातली पोरं तर रात्रभर वरातीत वाजवून पहाटे मिळेल त्या पायरीवर बसतात. त्यांच्यापर्यंत हे कोणी पोचवलं तर बरं होईल.

स्टूल कुठल्याही लेजरवर चढलेलं नाही, त्यामुळे जाताना मला ते कोणाच्या सहीने जमा करावं लागणार नाही. पोराने खालच्या आडव्या पट्टीवर रंगाने 'बेस' असं लिहून ठेवलंय आणि स्टोअरमध्ये ते बेसच्याच पेटीमागे उभं असतं. मिस्त्रीला मी दुसऱ्याची ऑर्डर दिलीय, २० इंचाचं, खाचा नसलेलं. ते माझ्याबरोबर गावाला येईल.